‘आजी, जरा हात पुढे करता?’चं इंग्रजी

मिरजेत घराच्या माडीवर मी इंग्रजीचे वर्ग घेते. सकाळी दहावी-बारावीची मुलं, रात्री आठनंतर मोठी माणसं. गाव दवाखान्यांचं, त्यामुळे मोठ्यांमध्ये निम्म्या तरी नर्सेस असतात. ड्युटी संपवून, रिकामा डबा पिशवीत तसाच घेऊन येतात. ही त्यांतल्या एकीची हकीकत. त्यांची परवानगी आहे, नाव मात्र देत नाही. आपल्याकडे नर्सला सगळे ‘सिस्टर’च म्हणतात, मीही तेच म्हणायचे, तेव्हा इथेही सिस्टर.

सिस्टर तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. जत तालुक्यातलं गाव, बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम ही नर्सिंगची पदविका आणि सहा वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत. त्यांना इंग्लंडला जायचं होतं. तिथे नर्स म्हणून काम करायचं तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा. तो आयईएल्टीएस या सर्वसाधारण इंग्रजी परीक्षेने देता येतो किंवा ओईटीने. ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची परीक्षा. १९८० च्या दशकाच्या शेवटी ती ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि ब्रिटनच्या या कौन्सिलने ती २०१७ पासून धरायला सुरुवात केली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला ० ते ५०० गुण. कौन्सिलला लिखाणात ३०० चालतात, बाकी तिन्हींत ३५० लागतात.

सिस्टर माझ्याकडे आल्या त्या एकदा परीक्षा देऊन. वाचन ३६०, ऐकणं ३५०, लिखाण ३२०. बोलणं ३१०. फी त्यांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती, आणि ती पुन्हा भरायची होती.

“मॅडम, लिखाणात गेले असते तर समजू शकले असते,” त्या म्हणाल्या. “बोलायला तर येतं ना मला. डॉक्टरांशी रोज इंग्लिशच बोलते.”

खोटं नव्हतं. मी त्यांना नेहमीचा हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगायची पेशंटची माहिती, द्यायला सांगितला, तर एका दमात बेड नंबर फोर, पोस्ट-ऑप डे टू, अफेब्राइल, व्हायटल्स स्टेबल, ड्रेन हंड्रेड एमएल, एनबीएम टिल राउंड्स. कुठे अडखळणं नाही की शब्द शोधणं नाही. मी थक्क झाले. पण त्या सगळ्यात एकही क्रियापद नव्हतं, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

पहिले सहा आठवडे मी फुकट घालवले, हे आधीच सांगून टाकते. मराठी माणसाच्या इंग्रजीत जे दुखणं नेहमी सापडतं तेच मी शोधलं आणि अर्थातच ते सापडलं. आपल्याकडे ‘व’ एकच, त्यामुळे ‘वुंड’ (जखम) आणि ‘व्हेन’ (शीर) यांतला पहिला आवाज त्यांच्या तोंडी सारखाच यायचा. ‘फीव्हर’मधला पहिला आवाज ओठावर दात टेकवून काढायच्याऐवजी फळातला ‘फ’ यायचा. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे याचा पत्ता नाही, कारण मराठीला त्यांची गरजच पडत नाही. ‘डॉक्टर कुठे आहेत मला माहीत नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेअर इज डॉक्टर’. हे सगळं आम्ही आरशासमोर बसून, वह्या भरून सुधारलं. मग सांगलीच्या एका मैत्रिणीला, जी हीच परीक्षा शिकवते, सराव-चाचणी घ्यायला बोलावलं. चाचणी झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. “उच्चार चांगले आहेत गं. पण मी पेशंट असते ना, तर या बाईला घाबरले असते.”

मला ते लागलं. सिस्टरइतकी मऊ स्वभावाची बाई माझ्या वर्गात दुसरी नव्हती.

परीक्षेतला बोलण्याचा भाग कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुरुवातीला थोड्या गप्पा होतात, त्यांना गुण नसतात. मग एक कार्ड हातात येतं: तुम्ही नर्स, समोर अमुक पेशंट किंवा त्याचा नातेवाईक, आणि तुम्ही करायच्या चार-पाच गोष्टी. वाचायला तीन मिनिटं, बोलायला साधारण पाच. अशी दोन कार्डं. समोरचा माणूस पेशंटची भूमिका करतो, गुण तो देत नाही. सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि दुसरीकडे बसलेले परीक्षक ते ऐकून गुण देतात. २०१८ पासून गुणांचे दोन गट आहेत. एक भाषेचा: उच्चार कळतात का, ओघ आहे का, व्याकरण, आणि प्रसंगाला शोभेल असं बोलता का. दुसरा पेशंटशी वागण्याचा: नातं जोडता का, त्याची बाजू समजून घेता का, बोलण्याला काही क्रम आहे का, माहिती कशी काढता, कशी देता.

मैत्रिणीने चाचणी फोनवर रेकॉर्ड केली होती. मी ती घरी बसून शब्दन् शब्द उतरवून काढली. कार्डावरची बाई अडुसष्ट वर्षांची, घरात पाय घसरून पडलेली, मनगट दुखतंय, घरी एकटी राहते. सिस्टरांची सुरुवात अशी:

“हॅलो. व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?”

“आय हॅड अ फॉल धिस मॉर्निंग.”

“ओके. सिट हिअर. शो मी युवर हँड. व्हेअर इज द पेन?”

“माय रिस्ट. इट्स जस्ट दॅट... आय लिव्ह ऑन माय ओन, यू सी.”

“ओके, डोन्ट वरी. नथिंग विल हॅपन. टेल मी, एनी ॲलर्जी?”

पाच मिनिटांत अकरा आज्ञा. ‘डोन्ट वरी’ सात वेळा. ‘मी एकटी राहते’ हे वाक्य माझ्या मैत्रिणीने मुद्दाम दोनदा टाकून पाहिलं होतं, दोन्ही वेळा ते तसंच खाली पडलं. आणि गंमत अशी की लाल पेन घेऊन बसले तर चूक कुठेच नाही. ‘सिट हिअर’मध्ये मी काय दुरुस्त करणार?

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईला माडीवर आणलं. आईचं वय बहात्तर, गुडघे गेलेले, नाटकाची हौस शाबूत. तिला तेच कार्ड मराठीत समजावलं आणि सिस्टरांना म्हटलं, आज इंग्रजी बंद. तुमच्या वॉर्डात ही आली आहे असं समजा. फोन मध्ये ठेवला.

“या आजी, या. बसा बरं आधी. हळू, तो हात नका टेकवू. पाणी घेता घोटभर?”

“नको गं.”

“काय झालं, सांगा बरं.”

“काही नाही, बरी आहे मी. जरा घसरले न्हाणीत.”

“बरी असता तर इथवर आला असता होय आजी?”

आई हसली. मग म्हणाली, मनगट दुखतंय.

“ठणकतंय, का कळ मारतीय? बोटांना मुंग्या येतायत? जरा हात पुढे करता? आपण बघू या, दुखलं की लगेच सांगायचं हं. घरी कोण असतं तुमच्याजवळ?”

“कोण असणार. एकटीच.”

इथे सिस्टर थांबल्या. रेकॉर्डिंगमध्ये तीन सेकंद नुसता पंख्याचा आवाज आहे. त्यांनी आईच्या चांगल्या हातावर हात ठेवला होता, ते अर्थात ऐकू येत नाही. मग म्हणाल्या, “रात्रीची भीती वाटत असेल.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं. माझे वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून आम्ही तो आठवडा काढला. माझ्या मते सगळं प्रकरण त्या दोन कागदांत होतं. मराठीत सिस्टरांची अदब कुठे कुठे ठेवलेली होती? ‘बसा’मधल्या शेवटच्या आ-कारात. ‘बरं’, ‘जरा’, ‘हं’, ‘ना’ या चिमूटभर शब्दांत. ‘आजी’ या हाकेत. ‘आपण बघू या’तल्या ‘आपण’मध्ये, जो दुखऱ्या हाताच्या मालकिणीला आणि तपासणारीला एका बाजूला आणून उभा करतो. आणि त्या हातावर ठेवलेल्या हातात. इंग्रजी बोलताना सिस्टर मनातल्या मनात भाषांतर करत होत्या, आणि भाषांतरात नेमक्या याच गोष्टी गळून पडत होत्या. ‘सांगा बरं’चं ‘टेल मी’ झालं. इंग्रजी आज्ञार्थाला तू बस, तुम्ही बसा आणि आपण बसावं या तिघांसाठी एकच चेहरा आहे, आणि तो चेहरा काही फार हसरा नाही. ‘आजी’ला तर जागाच उरली नाही. हात परीक्षकाला ऐकू येत नाही. उरलं काय, तर अकरा आज्ञा.

‘नथिंग विल हॅपन’चंही तेच. ‘काही होत नाही हो’ हे आपल्याकडे धीराचं बोलणं, ते कोणी भविष्य म्हणून ऐकत नाही. इंग्रजीत गेल्यावर मात्र ते वैद्यकीय आश्वासन होतं, आणि तेही आधी न तपासता दिलेलं.

मग वही नव्याने आखली. डाव्या बाजूला मराठी वाक्य. मधल्या रकान्यात त्यातला एखादा शब्द काय काम करतो ते मराठीतच. उजवीकडे तेच काम इंग्रजी कशाने करून घेते ते. ‘जरा’चं काम बऱ्याचदा ‘जस्ट’ करतो. आज्ञेचं काम इंग्रजी माणूस प्रश्नावर ढकलतो: ‘कुड यू रोल युवर स्लीव्ह अप फॉर मी?’ यातल्या ‘फॉर मी’ला सिस्टर हसल्या. “बाही त्यांची, बीपी त्यांचं, आणि माझ्यासाठी कशाला?” मी म्हटलं, ‘हात पुढे करता?’मधल्या ‘करता’ला तरी काय अर्थ आहे? करणारच आहे ती, तरी आपण विचारतोच. ब्रिटिश नर्सच्या बोलण्यात ‘पॉप’ हा एक शब्द सतत येतो, पॉप अप ऑन द बेड फॉर मी, पॉप धिस अंडर युवर टंग. शब्दकोशात शोधून तो कळत नाही, कानाला सवय झाली की ‘जरा’च्या शेजारी जाऊन बसतो.

‘आपण’ला मात्र नीट जोडी मिळाली नाही. ‘वी’ म्हणून पाहिलं. ‘हाऊ आर वी फीलिंग टुडे’ हे वयस्कर माणसाला लहान मूल केल्यासारखं वाटतं. शेवटी ‘आय ॲम जस्ट गोइंग टु हॅव अ लुक, इफ दॅट्स ऑलराइट’ यावर भागवलं. भागवलंच म्हणते, कारण ‘आपण बघू या’ची ऊब त्यात नाही.

सगळ्यात मोठा वाद झाला तो सहानुभूतीच्या वाक्यावर. परीक्षेच्या पुस्तकांत ठोकळेबाज वाक्यं असतात, आय अंडरस्टँड हाऊ यू फील वगैरे. सिस्टरांनी ती साफ नाकारली. “मॅडम, असं तोंडावर कोण बोलतं? नाटकी वाटतं. आम्ही हात धरतो.” मला त्यांचं पटतही होतं. मग कागद पुन्हा वाचताना माझं बोट एका शब्दावर थांबलं. ‘रात्रीची भीती वाटत असेल.’ त्या ‘असेल’मध्ये काय आहे? मला ठाऊक आहे असा दावा नाही. मी तुमच्या जागी जाऊन अंदाज करते आहे, एवढंच. इंग्रजीत ‘असेल’चं हे काम ‘मस्ट’ करतो: ‘इट मस्ट बी फ्रायटनिंग ॲट नाइट, ऑन युवर ओन.’ शाळेत आपण ‘मस्ट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’ एवढंच शिकतो, आणि तो आयुष्यभर नियमावलीच्या पाटीवर टांगलेला राहतो.

सिस्टरांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. “हे मी बोलू शकते,” त्या म्हणाल्या. “हे माझंच आहे.”

त्या रात्रीपासून त्यांचं बोलणं बदललं. थांबणंही आलं, ते तीन सेकंदांचं.

हाकेचा प्रश्न सुटायला वेळ लागला. ‘आजी’ची जागा रिकामी राहिली की सिस्टरांचं वाक्य लंगडायचं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने ‘डिअर’ आणला. कम डिअर, सिट डिअर. मला आधी बरं वाटलं, मग मैत्रिणीने सांगितलं की अनोळखी वयस्कर पेशंटला हे कमी लेखून बोलल्यासारखं लागू शकतं. काढून टाकला. त्याऐवजी काय? तेव्हा मी त्यांना केट ग्रेंजर यांची गोष्ट सांगितली. त्या यॉर्कशरमधल्या डॉक्टर, वृद्धांवर उपचार करणाऱ्या, आणि स्वतः कर्करोगाच्या रुग्ण. २०१३ मध्ये रुग्णालयात भरती असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे येतात-जातात, पण बरेच जण आपलं नावही सांगत नाहीत. त्यावरून त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली आणि ती ब्रिटनभर पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. सिस्टरांना हे नवलाचं वाटलं. सहा वर्षांत त्यांनी एकाही पेशंटला स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. इथे ‘सिस्टर’ आणि ‘आजी’ म्हटलं की ओळख झाली, नातंही लागलं. तिथे नाव सांगायचं, आणि समोरच्याला विचारायचं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? हा प्रश्न तोंडात बसल्यावर पहिलं अर्धं मिनिट आपोआप सुरळीत जायला लागलं.

शब्दसंपत्तीची कसर वेगळ्याच ठिकाणी निघाली. डॉक्टरी शब्द सगळे येत होते, पेशंटचे येत नव्हते. एका सरावात मी पेशंट झाले आणि म्हणाले, ‘आय फील सिक.’ सिस्टर प्रेमाने म्हणाल्या, ‘येस, यू आर सिक, दॅट इज व्हाय यू आर ॲडमिटेड.’ ब्रिटनमध्ये हे म्हणणाऱ्याला बहुधा मळमळत असतं आणि त्याला पटकन भांडं हवं असतं. आपल्याकडचं ‘मोशन झाली का’ तिथे चालत नाही, तिथली नर्स विचारते, ‘हॅव यू ओपन्ड युवर बॉवेल्स?’ यावर आमच्या माडीवर इतकं हसू झालं की खालून आईने काय झालं म्हणून विचारलं.

दुखण्याच्या शब्दांत मात्र सिस्टर माझ्यापेक्षा श्रीमंत निघाल्या. ठणका, कळ, चमक, ठुसठुस, जळजळ, मुरडा, आग, मुंग्या, आणि प्रत्येकावरून पुढे काय विचारायचं हे पाठ. मी त्यांना सांगितलं की रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात दुखण्याची वर्णनं करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावले आहेत. त्यांनी ती यादी समोर ठेवून मराठी जोड्या लावायला घेतल्या. ‘थ्रॉबिंग’ला ठणका, ‘शूटिंग’ला चमक, ‘बर्निंग’ला जळजळ किंवा आग. काही इंग्रजी शब्द उपाशी राहिले, आणि ‘गोळा येणं’ला एका शब्दात कुठे बसवावं ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

आता जे बिघडलं ते. दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा बोलण्यात ३४० आले. दहा गुणांनी गेलं. दोष मोठा माझाच होता. मी प्रश्नार्थी वाक्यांचा इतका मारा केला होता की सिस्टर सगळंच विनंतीच्या सुरात बोलायला लागल्या होत्या. एका कार्डावर मुलाला दमा, आई घाबरलेली, पंप कसा वापरायचा ते सांगायचं होतं. सिस्टर त्या आईला ‘वुड यू माइंड’, ‘कुड यू पॉसिब्ली’ करत राहिल्या, आणि मुद्द्याचं सांगायला वेळ उरला नाही. मराठीत त्यांनी काय केलं असतं, असं विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “ताई, इकडे बघा. असं धरायचं. एक, दोन, तीन.” म्हणजे घाईच्या वेळी मराठीतही त्या ‘जरा’ आणि ‘बरं’ बाजूला ठेवतातच. मी तो कागद उतरवलाच नव्हता. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही शिकवण्याची, समजावण्याची, घाईची अशी वेगवेगळी कार्डं आधी मराठीत, मग इंग्रजीत केली. आईने रागीट मुलगा, बहिरे आजोबा आणि धूम्रपान न सोडणारा ट्रकवाला अशा भूमिका वठवल्या. ट्रकवाला तिचा सर्वोत्तम.

तिसऱ्या वेळी ३७०.

जायच्या आधी सिस्टर पेढे घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगायची विसरले होते, ती नंतर त्यांनीच कळवली. तिथे ‘सिस्टर’ हे पद आहे, वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ नर्सचं. पहिल्याच आठवड्यात यांनी सवयीने स्वतःची ओळख तशी करून दिली आणि सगळे बघतच राहिले.

फोनवर येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या तिथल्या बोलीपुढे त्या अजून हतबल होतात. त्याला माझ्याकडेही उपाय नाही, मी ती बोली कधी ऐकलेली नाही. पण गेल्या महिन्यात त्यांचा एक व्हॉइस मेसेज आला, तो आईसाठी होता. ऑपरेशन झालेले एक आजोबा. सिस्टरांनी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, ‘नॉट टू बॅड, लव्ह.’ सिस्टर चार्टवर ‘वेदना नाही’ लिहिणारच होत्या. “आणि मॅडम, तुमच्या आई आठवल्या. ‘काही नाही, बरी आहे मी.’ तशीच मान, तसंच तोंड. मग खुर्ची ओढून बसले, आणि म्हटलं, शून्य ते दहामध्ये सांगता का?”

आजोबा म्हणाले, सात.